हॉटेलचं 'गोल्ड' कार्ड मिळालं. आता दरवेळी तिथेच राहायचं का?

डिसेंबर जवळ आला की हॉटेलांच्या ॲपमधून ठरावीक पद्धतीचे मेसेज येऊ लागतात. 'गोल्डसाठी फक्त ४ रात्री बाकी.' 'तुमचा दर्जा टिकवायचा असेल तर ३१ तारखेपर्यंत मुक्काम पूर्ण करा.' महिन्यातला आठवडाभर कामासाठी बाहेर असणाऱ्यांना हे मेसेज सवयीचे आहेत. त्यातले बरेच जण मग खरंच चार रात्री कुठे बसवता येतील ते शोधू लागतात. ज्या गावात सकाळी जाऊन रात्री परतता आलं असतं, तिथेही मुक्काम ठरतो.

या खेळाचे नियम सध्या बदलत आहेत. हिल्टन या हॉटेल साखळीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ पासून गोल्ड दर्जासाठी वर्षाला ४० ऐवजी २५ रात्री पुरतील आणि डायमंडसाठी ६० ऐवजी ५०. त्याच वेळी डायमंडच्याही वर, ८० रात्री आणि मोठ्या खर्चाची अट असलेली एक नवी पायरी आणली गेली. म्हणजे खालच्या पायऱ्या सोप्या झाल्या आणि शिखर आणखी वर गेलं. लॉबीत उभ्या असलेल्या दहापैकी पाच जणांकडे गोल्ड कार्ड असेल, तर मोठी खोली त्यातल्या कोणाला मिळणार, हा प्रश्न उरतोच.

मग एकदा दर्जा मिळाल्यावर त्याच साखळीशी एकनिष्ठ राहावं का? थोडक्यात उत्तर असं: दर्जा मिळाला आहे, एवढ्या कारणासाठी नाही. पुढच्या मुक्कामात तो दर्जा तुमचे किती रुपये किंवा किती तास वाचवतो, एवढंच बघायचं. हा हिशेब महानगरातल्या माणसापेक्षा खानदेशातून प्रवास करणाऱ्यासाठी बराच वेगळा निघतो.

दीपनगरमधून हा प्रश्न कसा दिसतो?

भुसावळजवळचं दीपनगर म्हणजे महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. इथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि भेलने उभारलेला ६६० मेगावॅटचा नवा संच. केंद्र एका जागी उभं असलं तरी त्याच्याभोवतीची माणसं फिरती असतात. यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर, देखभालीचे कंत्राटदार, सुट्या भागांचे विक्रेते. महानिर्मितीची इतर औष्णिक केंद्रं कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी आणि नाशिकजवळच्या एकलहऱ्याला आहेत. एका केंद्रात काम करणाऱ्या पुरवठादाराला बाकीच्या केंद्रांच्या वाऱ्या चुकत नाहीत.

पहिली अडचण या नकाशातच आहे. कोराडी आणि खापरखेड्याचं काम असेल तर मुक्काम नागपुरात होतो, एकलहऱ्याचं असेल तर नाशकात. या शहरांत साखळी हॉटेलांची निवड करता येते. पण परळी किंवा पारसला मोठ्या परदेशी साखळीचं हॉटेल नाही. तिथे गावातला लॉज किंवा केंद्राचं विश्रामगृह हाच पर्याय. त्यामुळे वर्षाच्या ६० रात्री घराबाहेर काढणाऱ्या माणसाच्या त्यातल्या निम्म्याही कुठल्या ॲपमध्ये मोजल्या जात नाहीत, असं सहज होऊ शकतं. 'एवढा फिरतो, तरी आपण सिल्व्हरच कसे?' याचं उत्तर हे आहे.

सरकारी नोकरीतल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे, आणि भुसावळ व वरणगावला आयुधनिर्माणी आहेत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या प्रवासभत्ता नियमांत वेतनस्तर ९ ते ११ मधल्या अधिकाऱ्यासाठी हॉटेलची मर्यादा दिवसाला २,२५० रुपये ठेवली होती. ६ ते ८ स्तरांसाठी ती ७५० रुपये होती. एवढ्या पैशात एलिट दर्जाची शिडी चढता येत नाही, हे सांगायला गणित नको.

त्याच नियमांत एक महत्त्वाची ओळ आहे. सरकारी कामासाठी काढलेल्या विमान तिकिटांवर मिळालेले मायलेज पॉइंट संबंधित खात्याने पुढच्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. ते खासगी प्रवासासाठी वापरल्यास अधिकाऱ्यावर कारवाई होऊ शकते. नियम विमानाचा असला तरी त्यामागचा प्रश्न हॉटेललाही लागू होतो: ज्याने पैसे भरले, पॉइंट त्याचे की जो झोपला त्याचे?

खासगी कंपन्यांत याचं उत्तर बहुतेक वेळा 'जो झोपला त्याचे' असं असतं. आणि सगळा लॉयल्टी व्यवसाय याच फटीवर उभा आहे.

पैसे कंपनीचे, पॉइंट इंजिनिअरचे

अशा योजनांची सुरुवात विमान कंपन्यांनी केली. अमेरिकन एअरलाइन्सची ॲडव्हान्टेज योजना १९८१ ची. दोन वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनीही आपापल्या योजना आणल्या. विमानातली रिकामी सीट आणि हॉटेलची रिकामी खोली या दोन्ही नाशवंत वस्तू आहेत. आजची रात्र विकली गेली नाही, तर ती उद्या विकता येत नाही. त्यामुळे रिकामी राहणारी खोली एखाद्या निष्ठावान ग्राहकाला बक्षीस म्हणून दिली, तर हॉटेलला तिचा खर्च फारसा पडत नाही.

आणि हे बक्षीस द्यायचं कोणाला? बिल भरणाऱ्या कंपनीला नव्हे, तर हॉटेल निवडणाऱ्या कर्मचाऱ्याला. कंपनीच्या मर्यादेत ५,००० रुपयांचं चांगलं हॉटेल मिळत असताना तो ६,३०० रुपयांचं निवडतो, कारण पॉइंट त्याच्या खात्यात जमा होणार असतात आणि मे महिन्यात त्यावर घरच्यांना गोव्याला नेता येणार असतं. त्याच्या दृष्टीने हा व्यवहार अगदी बरोबर आहे. कंपनीच्या दृष्टीने तो एका रात्रीमागे १,३०० रुपयांना पडतो. कंपनीने याला धोरणातच मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. फिरतीचा त्रास सोसणाऱ्याला तेवढी सवलत असावी, असं मानणाऱ्या कंपन्या आहेत. पण धोरण विचारून घेतलेलं बरं, कारण ऑडिटमध्ये हा फरक दिसतो.

हॉटेलांकडे दुसरंही कारण आहे. मेकमायट्रिप, गोआयबिबो, अगोडा यांसारख्या पोर्टलवरून आलेल्या प्रत्येक बुकिंगवर हॉटेलला कमिशन द्यावं लागतं. पोर्टल आणि हॉटेलं यांच्यातली ओढाताण किती तीव्र होती, ते भारतीय स्पर्धा आयोगाच्या १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशातून दिसलं. आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलांवर किमतीची बंधनं घालणं हा त्या प्रकरणातला एक मुख्य मुद्दा होता. ग्राहक थेट हॉटेलच्या ॲपवर आला तर मधलं कमिशन वाचतं. म्हणूनच बहुतेक मोठ्या साखळ्या पोर्टलवरून केलेल्या बुकिंगवर पॉइंट देत नाहीत आणि दर्जाच्या सवलतींची हमीही देत नाहीत. पोर्टलवर खोली ८०० रुपयांनी स्वस्त दिसते तेव्हा ती बिनपॉइंटची आहे, हे धरूनच तुलना करायची.

आता रुपयांत मांडू

सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो स्वतःच्या पैशाने फिरणाऱ्याला. त्याचं उदाहरण घेऊ. समजा, दीपनगरच्या कामांवर जगणारा एक छोटा कंत्राटदार आहे. वर्षाला २५ ते ३० रात्री तो नागपूर आणि मुंबईत काढतो. सगळ्या रात्री मॅरियटच्या साखळीत काढून त्याने गोल्ड दर्जा मिळवला आहे. मॅरियट बॉनव्हॉय योजनेत सिल्व्हरला १०, गोल्डला २५, प्लॅटिनमला ५० आणि टायटेनियमला ७५ रात्री लागतात.

त्याची खोली करांशिवाय ६,३०० रुपयांची आहे. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरला तर ७० डॉलर झाले. साखळीच्या बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरला १० मूळ पॉइंट मिळतात, म्हणजे ७००. गोल्डसाठी २५ टक्के बोनस धरून ८७५. आता एका पॉइंटची किंमत किती? साखळी ती ठरवून देत नाही. कुठे आणि कधी वापरता त्यावर ती बदलते. ५० पैसे धरले तर एका रात्रीचे साधारण ४३७ रुपये होतात, म्हणजे खोलीच्या दराच्या सुमारे ७ टक्के.

या ७ टक्क्यांतला दर्जामुळे आलेला भाग किती? ७०० पॉइंट तर साध्या सदस्यालाही मिळाले असते. गोल्डने दिले ते १७५ पॉइंट, म्हणजे ८७ रुपये. चहा-बिस्किटाचं बिल.

बाकी काय मिळतं? जमलं तर थोडी बरी खोली. जमलं तर दुपारी २ पर्यंत खोली सोडायची मुभा. 'जमलं तर' हे शब्द नियमातलेच आहेत, फक्त बारीक अक्षरांत असतात. मॅरियटच्या गोल्डमध्ये मोफत नाश्ता नाही. तो बऱ्याच ब्रँडमध्ये प्लॅटिनमपासून मिळतो. हिल्टनच्या गोल्डमध्ये अमेरिकेबाहेर नाश्ता मिळतो, त्यामुळे दोन साखळ्यांचं 'गोल्ड' हे एकच नव्हे. आणि भारतातल्या बिझनेस हॉटेलांच्या दरात नाश्ता बहुतेक वेळा आधीच धरलेला असतो. जो नाश्ता तसाही मिळणार होता, त्याची किंमत निष्ठेच्या खात्यात जमा करू नये. ज्याला सकाळी सातला साइटवर पोहोचायचं आहे, तो तर रस्त्यावर पोहे खाऊन निघतो.

आता समोरचा पर्याय बघू. शेजारच्या चौकात स्थानिक मालकाचं, स्वच्छ, वाय-फाय आणि पार्किंग असलेलं हॉटेल ३,८०० रुपयांत आहे. फरक २,५०० रुपयांचा. पॉइंट, लेट चेकआऊट, खोलीतला फरक, सगळं उदारपणे मोजलं तरी हजार रुपयांच्या वर जात नाही. २५ रात्रींचा फरक ६२,५०० रुपये होतो. एवढ्यात चौघांच्या कुटुंबाची गोव्याची सुट्टी रोख पैशांत होते, आणि पॉइंटवर खोली शिल्लक आहे का, हे तपासत बसावं लागत नाही.

पण समोरचा पर्याय दुसऱ्याच एखाद्या साखळीचं ६,००० रुपयांचं हॉटेल असेल, तर चित्र उलटतं. ३०० रुपयांसाठी ओळखीचं हॉटेल, ओळखीचा स्टाफ आणि साठत आलेले पॉइंट सोडण्यात शहाणपण नाही. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर आपल्या साखळीत राहावं आणि त्याच्या पुढे गेला तर दुसरीकडे बघावं, हा खालच्या दर्जांसाठी चालण्याजोगा अंदाज आहे.

७,५०० ची रेषा

जीएसटीमुळे या हिशेबात एक खड्डा तयार झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्याच्या वरच्या खोलीवर तो १८ टक्केच आहे.

आधीच्या ६ टक्क्यांच्या फरकाच्या जागी आता १३ टक्क्यांचा आला. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते. ७,६०० ची खोली ८,९६८ ला. दरात फरक २०० रुपयांचा, बिलात जवळपास १,२०० चा. मुंबईसारख्या शहरात दर रोज वर-खाली होतात आणि साखळी हॉटेलं नेमकी या रेषेच्या आसपास असतात. आपल्या साखळीची खोली रेषेच्या वर आणि शेजारची खाली असेल, तर गोल्ड दर्जाची सगळी पुण्याई त्या एका रात्रीच्या करात संपते.

विदर्भ एक्सप्रेसने आलेल्या माणसाला काय हवं असतं?

रुपयांत न मावणारी एक गोष्ट मात्र खानदेशातल्या प्रवाशासाठी खरोखर मोलाची आहे: वेळ.

भुसावळ हे मोठं जंक्शन. इथला माणूस मुंबईला सहसा रात्रीच्या गाडीने जातो. विदर्भ एक्सप्रेस रात्री भुसावळला येते आणि सकाळी सीएसएमटीला पोहोचते. परतीचीही रात्रीची गाडी असते. त्यामुळे मुंबईच्या एका दिवसाच्या कामाला हॉटेलची रात्र लागतच नाही. लागते ती सकाळी दोन तास आंघोळीला आणि कपडे बदलायला खोली, आणि संध्याकाळी गाडीपर्यंत बूड टेकायला जागा.

हॉटेलचं घड्याळ याच्या नेमकं उलटं चालतं. चेक-इन दुपारी २ किंवा ३ ला, चेकआऊट सकाळी ११ किंवा १२ ला. सकाळी सातला दारात उभ्या असलेल्या माणसाला खोली द्यायची हमी बहुतेक योजनांमध्ये नसते. आदल्या रात्री खोली रिकामी राहिली असेल तर रिसेप्शनवरचा माणूस देतो, आणि अशा वेळी दर्जा असलेल्याला आधी देतो. हा फायदा खरा आहे, पण भरवशाचा नाही.

दोन दिवसांचं काम असेल तर परतीच्या दिवशीचा लेट चेकआऊट कामी येतो. मॅरियटच्या प्लॅटिनमला बहुतेक शहरी हॉटेलांत दुपारी ४ पर्यंत खोली ठेवता येते. रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यासाठी हे मोठं सुख आहे. गोल्डला २ पर्यंत, तेही जमलं तर. म्हणजे ज्या सवलतीची खानदेशातल्या माणसाला सर्वात जास्त गरज आहे, ती भरवशाने मिळते ५० रात्रींनंतर. २५ ते ३० रात्री फिरणाऱ्याने तिच्यासाठी आणखी वीस रात्री विकत घेणं परवडत नाही. रोज विमानाने ये-जा करणाऱ्याला हा मुद्दा कदाचित पटणारही नाही.

ॲप तुमच्याकडून ते करून कसं घेतं?

मग एवढे हुशार लोक 'फक्त ४ रात्री बाकी' या मेसेजला बळी का पडतात?

अमेरिकेतले संशोधक जोसेफ न्यून्स आणि झेव्हिअर ड्रेझ यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी धुण्याच्या एका केंद्रावर ३०० ग्राहकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर ८ शिक्क्यांची जागा होती, आठ झाले की एक धुणं मोफत. उरलेल्यांच्या कार्डावर १० जागा होत्या, पण २ शिक्के आधीच मारलेले. दोन्ही गटांना आठच वेळा गाडी धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के. आपण निघालो आहोत, थोडी वाट चाललोही आहोत, एवढ्या भावनेने फरक पडला.

एचडीएफसी बँक आणि मॅरियटने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात संयुक्त क्रेडिट कार्ड आणलं. सुरुवातीला त्याची वार्षिक फी ३,००० रुपये अधिक कर अशी होती. कार्ड घेतलं की सिल्व्हर दर्जा आणि वर्षाला १० रात्री खात्यात आपोआप जमा. गोल्डसाठी २५ लागतात, त्यातल्या १० झाल्याच. आधीच मारलेले शिक्के म्हणतात ते हेच. कार्ड वाईट आहे असं नाही. फीच्या बदल्यात मिळणारी एक मोफत रात्र नीट वापरली तर फी वसूल होते. पण त्या १० रात्री बघून उरलेल्या १५ चा पाठलाग सुरू झाला, तर कार्डाने आपलं काम केलं असं समजायचं.

डिसेंबरमधल्या मेसेजचा हिशेबही असाच करायचा. चार जादा रात्री, प्रत्येकी ५,००० रुपये, म्हणजे २०,००० रुपये अधिक कर. बदल्यात पुढच्या वर्षी २५ रात्रींवर मिळणारं दर्जाचं मोल, वर मांडल्याप्रमाणे पॉइंटचे रात्रीला ८७ रुपये आणि काही 'जमलं तर'. लेट चेकआऊट आणि बऱ्या खोलीचे रात्रीला ३०० रुपये धरले, तरी बेरीज दहा हजारांच्या आतच राहते. आधी काढलेल्या २१ रात्रींचे पैसे तर गेलेलेच आहेत. या चार घेतल्या तरी आणि नाही घेतल्या तरी ते परत येत नाहीत.

पाटी बदलते, इमारत तीच राहते

निष्ठेच्या बाजूने एक युक्तिवाद असतो: आज थोडं जास्त दिलं तरी पुढे कामी येईल. त्यासाठी समोरचा पक्ष जागेवर राहायला हवा.

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारातलं उंच हॉटेल घ्या. २०१२-१३ च्या सुमारास ते शांग्री-ला या नावाने सुरू झालं. २०१३ मध्येच ते नाव गेलं आणि पॅलेडियम ही पाटी आली. २०१५ मध्ये ते स्टारवूड समूहाचं सेंट रेजिस झालं, आणि २०१६ मध्ये स्टारवूडच मॅरियटने विकत घेतली. इमारत तीच, लिफ्ट तीच, पण चार वर्षांत ग्राहकाच्या पॉइंटचं खातं किती वेळा बदललं ते मोजा. नरिमन पॉइंटचं ओबेरॉय टॉवर्स २००४ मध्ये हिल्टन टॉवर्स झालं आणि २००८ मध्ये ट्रायडंट. तिथल्या रात्री मोजून हिल्टनची शिडी चढणाऱ्यांची एक पायरीच निघून गेली.

कारण मोठ्या साखळ्यांच्या नावाने चालणारी बहुतेक हॉटेलं त्यांच्या मालकीची नसतात. इमारत एकाची, नाव आणि व्यवस्थापन दुसऱ्याचं. जून २०२१ मध्ये मुंबई विमानतळाजवळच्या हयात रीजन्सीने कामकाज थांबवलं. मालक कंपनी एशियन हॉटेल्स (वेस्ट) कडून पगारासाठी आणि कामकाजासाठी पैसे येत नाहीत, असं कारण दिलं गेलं. हयात ही साखळी जगभर सुरूच होती. पण ज्या हॉटेलात तुमची ओळख होती, तेच बंद झालं.

पॉइंटची किंमतही एकतर्फी बदलते. मार्च २०२२ मध्ये मॅरियटने कोणत्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचा ठरलेला तक्ता काढून टाकला. आता मागणीप्रमाणे पॉइंटचा भाव बदलतो. दिवाळीच्या सुट्टीत गोव्यात जेवढे पैसे जास्त लागतात, तेवढेच पॉइंटही जास्त लागू शकतात. या योजनांच्या अटींमध्ये सहसा हेही लिहिलेलं असतं की पॉइंट ही सदस्याची मालमत्ता नाही आणि कंपनी नियम कधीही बदलू शकते. बँकेतली ठेव आणि हे पॉइंट यांत एवढा फरक आहे.

जेट एअरवेजचं उदाहरण मुंबईकर प्रवासी विसरलेले नाहीत. १७ एप्रिल २०१९ ला तिचं शेवटचं विमान उडालं. जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्यामुळे मैल वाचले आणि ती योजना पुढे इंटरमाइल्स या नावाने सुरू राहिली. पण प्लॅटिनम कार्डधारकाला ज्या विमानात पुढची सीट मिळायची, ते विमानच उरलं नव्हतं. साठवलेले पॉइंट एकवेळ टिकतात, दर्जा कंपनीबरोबर जातो.

याबाबतीत ताज समूहाने वेगळी वाट धरली. एप्रिल २०२२ मध्ये टाटा न्यू ॲप आल्यापासून ताजचे पॉइंट न्यूकॉइनच्या रूपात मिळतात. एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, आणि तो बिगबास्केट किंवा क्रोमातही वापरता येतो. यात स्वप्नातल्या रिसॉर्टची जादू नाही. पण भुसावळला घरी बसून त्याचा उपयोग होऊ शकतो आणि हिशेब लगेच कळतो. किती मिळाले हे समजायला कोणाचा यूट्यूब व्हिडिओ बघावा लागत नाही.

मग निष्ठा कोणाला परवडते?

ज्यांच्या ५० पेक्षा जास्त रात्री नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबाद अशा शहरांत जातात आणि बिल कंपनी भरते, त्यांना. प्लॅटिनमच्या पुढे नाश्ता, लाउंज आणि चारचा चेकआऊट एकत्र आले की फरक जाणवतो. लाउंज असलेल्या हॉटेलात संध्याकाळचं खाणंही तिथे होतं. याशिवाय आजीवन दर्जा ही एक गोष्ट आहे. मॅरियटमध्ये एकूण ६०० रात्री आणि प्लॅटिनम किंवा त्यावरची दहा वर्षं झाली की तो दर्जा कायमचा मिळतो. ३० व्या वर्षी नोकरीच्या फिरतीला लागलेल्याला तो चाळिशीच्या सुरुवातीलाच मिळू शकतो आणि निवृत्तीनंतरही कामी येतो. २५० रात्री आणि पाच वर्षांच्या दर्जावर आजीवन सिल्व्हर मिळतो, पण सिल्व्हरच्या सवलती बघता त्यासाठी कोणी रस्ता बदलू नये.

ज्यांनी दर्जा नुकताच मिळवला आहे, त्यांच्यासाठी एक बाब फार कमी वेळा सांगितली जाते. मॅरियटमध्ये २०२५ मध्ये मिळवलेला दर्जा फेब्रुवारी २०२७ अखेरपर्यंत चालतो. १ जानेवारीला रात्रींचा आकडा शून्य होतो, दर्जा नाही. म्हणजे दर्जा मिळाल्यानंतरचं वर्ष हे सर्वात मोकळं वर्ष असतं. त्या वर्षी आपल्या साखळीत राहिलात तर सवलत मिळतेच, आणि दुसरीकडे राहिलात तरी ती जात नाही. नेमक्या याच वर्षी लोक सवयीने सगळ्यात जास्त एकनिष्ठ राहतात.

या वर्षात इतर हॉटेलं बघून घेता येतात. सप्टेंबरपर्यंत कामाच्या ओघात पंधरा-सोळा रात्री आपोआप झाल्या असतील, तर २५ चा विचार करायला हरकत नाही. पाच-सहाच झाल्या असतील तर सोडून द्यावं. साठलेले पॉइंट मात्र वापरून टाकावेत. बॉनव्हॉय खात्यात २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर ते रद्द होतात, आणि वापरायला उशीर केला म्हणून त्यांचा भाव वाढल्याचं सहसा दिसत नाही.

आणि दुसऱ्या साखळीकडे जायचं ठरलंच, तर हातातला दर्जा संपण्याआधी जावं. बऱ्याच साखळ्या अधूनमधून 'स्टेटस मॅच' देतात. प्रतिस्पर्ध्याकडच्या गोल्ड किंवा प्लॅटिनमचा पुरावा पाठवला की तेवढाच दर्जा काही महिन्यांसाठी मिळतो, आणि त्या मुदतीत ठरावीक रात्री काढल्या तर तो पुढे चालू राहतो. हा अर्ज फुकट असतो. सोबत बहुतेक वेळा कार्डाचा स्क्रीनशॉट आणि अलीकडच्या एखाद्या मुक्कामाचं बिल मागतात, त्यामुळे नागपूरचं शेवटचं बिल जपून ठेवावं.